बावन्न मिनिटांचा बाक

प्रिय ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा गुडघा सध्या रजेवर आहे, तेव्हा सात अंगांनी केलेला नमस्कार गोड मानून घे. गुडघ्याचं पुढे येईलच.)

तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी रोज घेतेस, की अजून डोकं दुखलं तरच घेतेस? जिन्यातला दिवा लागला का? तुझं गेल्या महिन्यातलं पत्र मिळालं. मी बरी आहे, पाणी येतंय, गॅस बदलला, तू कसा आहेस, अशी चार वाक्यं होती. चारही मी नीट वाचली. (पूर्वी तू चार पानं लिहायचीस. ही तक्रार नाही, नोंद आहे. माझी नोकरीच नोंदीची.) फोन करता आला असता, पण फोनवर तू "बरं, ठेवते" इतक्या लवकर म्हणतेस की माझं पहिलं वाक्यसुद्धा स्टेशनातून सुटत नाही. आणि मला जे सांगायचं आहे त्याला जरा लांबचा रस्ता लागतो. आठ वर्षं ते सांगायचं राहिलं आहे, तर अजून दोन-चार पानं धीर धर.

आपले वडील पत्राच्या सुरुवातीलाच "विनंती विशेष" लिहून मोकळे व्हायचे आणि मग अख्ख्या पत्रात विनंतीचा पत्ता नसायचा. माझं उलटं आहे. विनंती आहे, पण ती शेवटी येईल. आधी प्रवासवर्णन.

तर झालं असं. आमच्या शहराची उपनगरं आता पार राज्याच्या सीमेपलीकडे, म्हणजे तुझ्या बाजूला, जाऊन बसली आहेत. माणसं तिकडे झोपतात आणि इकडे कामाला येतात. पण आमची रेल्वे सीमेच्या स्टेशनपर्यंत येते आणि थांबते, तुमची रेल्वे तिथपर्यंत येते आणि थांबते, आणि मधला पूल चढून-उतरून माणसांनी गाडी बदलायची. एकाच विहिरीवर दोन शेजाऱ्यांनी दोन रहाट बसवावेत आणि दोघांचेही दोर निम्म्यापर्यंतच पोहोचावेत, तसं हे आहे. तुला हे मी काय सांगणार! भाऊजींनी सात वर्षं तो पूल चढला. आता दोन्ही राज्यांची मिळून एक समिती नेमली गेली आहे, आणि अशी शहरं आणखी कुठे कुठे आहेत, तिथे शेजारच्या राज्यातल्या उपनगरांपर्यंत गाड्या कशा चालतात, याचा तुलनात्मक अहवाल तिला हवा होता. साहेबांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. माझ्या निवृत्तीला पाच महिने उरले आहेत, तेव्हा मी ऑफिसात नसलो तर कुणाचं अडणार नाही, असं ते म्हणाले. (तोंडावर म्हणाले. साहेब मनाने स्वच्छ आहेत.)

पहिल्या शहरात एकच गाडी सीमा ओलांडून थेट पलीकडच्या उपनगरात जाते. बदलाबदली नाही, पूल नाही, गाद्या मऊ. मी खूश होऊन सकाळी नऊला शहरातून त्या उपनगरात गेलो, स्टेशनची पाहणी वीस मिनिटांत उरकली आणि परतीची गाडी विचारली, तर ती दुसऱ्या दिवशी पहाटे. त्याचं असं आहे की तिथल्या गाड्या सकाळी उपनगरातली माणसं शहरात नेतात आणि संध्याकाळी परत आणून सोडतात. सकाळी माझ्यासारखा उलट दिशेने गेलेला माणूस, हा प्रकार त्यांनी धरलेलाच नाही. मी गेलो ती गाडी मुक्कामाला डेपोत चालली होती, मला तिच्यात कुणी अडवलं नाही इतकंच. दिवसा त्या गावात फक्त फार म्हातारे, फार लहान आणि मी. काही उद्योग नाही म्हणून मी न्हाव्याकडे जाऊन केस कापून घेतले. दुपारी पुन्हा त्याच्याच दुकानात जाऊन बसलो, कारण तिथे पंखा होता. नुसतं बसणं बरं दिसत नाही म्हणून त्याने माझे आणखी थोडे केस कापले. शेवटी त्यालाच माझी दया आली आणि त्याने मला बसस्टॉपवर नेऊन सोडलं. निघताना म्हणाला की त्याच्या मुलीला शहरात दुपारपाळीची नोकरी लागली होती, पण दुपारी जायला गाडीच नाही म्हणून सोडावी लागली. तो हे गमतीनेच सांगत होता. अहवालात त्या शहराला मी दहापैकी पाच गुण दिले आणि टक्कल सोबत आणलं.

दुसऱ्या शहरात गुडघा. तिथे सीमेच्या एका बाजूचे फलाट उंच आहेत आणि दुसऱ्या बाजूचे बुटके. गाडी दोन्हीकडे जाते, तेव्हा डब्याची पायरी कुठे असावी यावर दोन्ही राज्यांत अकरा वर्षं पत्रव्यवहार चालला आणि अखेर बरोब्बर मध्ये बसवावी असं ठरलं. त्यामुळे आता एका बाजूला खाली पाऊल टाकावं लागतं आणि दुसऱ्या बाजूला वर उडी मारावी लागते. दोन्हीकडे सारखाच त्रास, म्हणजे कुणावरही अन्याय नाही. मी मोजपट्टी घेऊन ती उंची मोजायला वाकलो होतो (तू मला फूटपट्टी हे नाव ठेवलंस तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आता साठीला आलो, तरी काही फरक नाही), तेवढ्यात मागून माणसांचा लोंढा आला आणि मी मोजपट्टीसकट खाली पोहोचलो. उंची अठ्ठावीस सेंटिमीटर आहे. आता ती मी कधी विसरणार नाही. स्टेशनातल्या परिचारिकेने पट्टी बांधली आणि वहीत माझं नाव लिहिलं. त्या महिन्यातला माझा नंबर चौदावा होता. अपघात सीमेच्या कुठल्या बाजूला झाला, हे मात्र तिने मला तीनदा विचारलं, कारण पलीकडच्या राज्याच्या पट्ट्या वेगळ्या कपाटात असतात.

आता तिसरं शहर. ताई, इथपर्यंत मी मजेत लिहीत आलो. इथून पुढे जरा सांभाळून घे.

तिसऱ्या शहरात मी संध्याकाळच्या गाडीत बसलो, हातात घड्याळ आणि मांडीवर वही घेऊन, सीमा कुठे येते याची वाट बघत. अर्धा तास झाला तरी काही येईना. ना गाडी थांबली, ना तिकीट तपासनीस बदलला. समोर एक बाई लोकर विणत बसल्या होत्या, त्यांना विचारलं, सीमा गेली का? त्यांनी सुया थांबवल्या, बाहेर बघितलं आणि म्हणाल्या की ती पिठाच्या गिरणीपाशी कुठेतरी आहे असं त्यांचे सासरे सांगायचे. नक्की कुठे, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी विणकाम माझ्या खांद्याला लावून मापाचा अंदाज घेतला, कारण त्यांचा मुलगा माझ्याच अंगाचा आहे आणि जेवायला वाट बघत असतो. गाडी वेळेवर पोहोचली. मी वहीत काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिथल्या वेळापत्रक ऑफिसात गेलो. आमचं काम कसं चालतं हे तुला ठाऊक आहे, पण भाऊजींसारखं तू ते कधी बघितलं नाहीस म्हणून सांगतो. भला मोठा कागद असतो. आडवी वेळ, उभी स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी कुठे दुसऱ्या गाडीसाठी थांबली की त्या रेघेला एक आडवी पायरी पडते. असा दिवसभराच्या गाड्यांचा कागद आखायचा, तो तपासायचा, त्यावरून वेळापत्रक छापायचं. आमचा कागद सीमेच्या स्टेशनवर संपतो. त्यापुढे समास. तुमच्या राज्याच्या ऑफिसातला कागद त्याच स्टेशनपासून सुरू होतो. तिथल्या कारकुनाला मी तीस वर्षांत बघितलेलं नाही, आणि त्याने मला. तिसऱ्या शहरात मात्र एकच लांबच लांब टेबल होतं, त्यावर एकच कागद, आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन राज्यांचे दोन कारकून. एक जाडा, एक बारीक, दोघांचा डबा मधोमध उघडलेला. मी विचारलं, हे तुम्ही कसं जमवलंत, करार काय आहे, कायदा कोणता? जाड्याने बारक्याकडे बघितलं. बारीक म्हणाला, कायदा नंतर झाला, आधी आम्ही कागदाला कागद चिकटवला.

मी प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. बराच वेळ. जाडा बाहेरून विचारून गेला की पोट बिघडलं का. मी हो म्हटलं. (खोटं बोलण्यात मी तसा तयार आहे. तेच आता सांगतो.)

घरी परत आल्यावर मी आमचा कागद आणि तुमच्या राज्याचा मागवून घेतलेला कागद, दोन्ही माझ्या खोलीच्या फरशीवर चिकटपट्टीने जोडून पसरले. पलंग उभा करून भिंतीला लावावा लागला. आणि गुडघा सरळ ठेवून, पोटावर झोपून, संध्याकाळी सहा-वीसला शहरातून सुटणाऱ्या गाडीची रेघ बोटाने पुढे नेली. ती रेघ सात-आठला सीमेवर पोहोचते. आणि कागदाच्या पलीकडे, चिकटपट्टीच्या त्या बाजूला, तुझ्या गावाकडे जाणारी रेघ सात-चारला निघून गेलेली असते. चार मिनिटं. पुढची आठला.

ताई, अकरा वर्षांपूर्वीपर्यंत ती गाडी सहा-अठ्ठावन्नला पोहोचत होती. तिला दहा मिनिटांनी मागे ढकलणारा माणूस मी. त्या गाडीची रेघ एका मालगाडीच्या आडवी यायची, आणि मालगाडीला मधल्या स्टेशनात थांबावं लागायचं, म्हणून कागदाच्या मधोमध एक वेडीवाकडी पायरी पडायची. ती मला खुपायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाची तक्रार नव्हती. मी सहा-वीसची रेघ दहा मिनिटं सरकवली आणि अख्खा संध्याकाळचा कागद कसा विंचरलेल्या केसांसारखा दिसायला लागला. साहेबांनी तो चार जणांना दाखवला. त्याबद्दल मला प्रमाणपत्र मिळालं, "संध्याकाळच्या गाड्यांच्या सुबक मांडणीबद्दल". ते माझ्या खोलीत भिंतीवर होतं, तू बघितलं आहेस. तूच म्हणाली होतीस की जरा तिरकं लागलंय.

पलीकडे काय होतं हे मला माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. पहिला आठवडाभर ते खरंही होतं. मग भाऊजी सांगायला लागले. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून सहाला सुटायचे, गाडी पकडायचे, पूल चढायचे, आणि वर पोहोचेपर्यंत तुमच्या गाडीचा मागचा दिवा दूर सपाट माळावर ठिपक्याएवढा दिसायचा. मग आठपर्यंत फलाटावरच्या बाकावर. रविवारी मी जेवायला आलो की ते हसत हसत म्हणायचे, "तुझ्या ऑफिसात हे ज्याने केलंय ना, त्या गाढवाला एकदा माझ्याकडे घेऊन ये. चहा पाजतो त्याला." तू तेव्हा वाढता वाढता त्या गाढवाला आणखी चार शब्द वाहायचीस. आणि मी काय करायचो? मी हसायचो. आणखी पोळी घ्यायचो. दुसऱ्या दिवशी रेघ परत सरकवणं माझ्या हातात होतं. पण तसं केलं तर चूक कुणाची हे विचारलं गेलं असतं, आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवावं लागलं असतं. म्हणून पुढच्या कागदाला बघू, असं म्हणत राहिलो. तीन वर्षं. हिशेबाची सवय जात नाही, म्हणून तोही केला. रोजची बावन्न मिनिटं, वर्षाचे कामाचे दिवस, अशी तीन वर्षं. एकतीस दिवस होतात. तुझ्या संसारातला एक अख्खा महिना मी त्या बाकावर बसवून ठेवला, कागद देखणा दिसावा म्हणून.

आणि शेवटचा दिवस. साडेपाचला तुझा फोन आला की लवकर ये, ते तुझी वाट बघतायत. मी सहा-वीस पकडली. पूल धावत चढलो. मागचा दिवा दिसला. मी त्या बाकावर बावन्न मिनिटं बसलो, ताई. मी पोहोचलो तेव्हा भाऊजींना जाऊन पंचवीस मिनिटं झाली होती. तू दारातच विचारलंस, आणि मी म्हटलं की इंजिन बिघडलं. इंजिन बिघडलं नव्हतं. गाडी अगदी वेळेवर होती, माझ्या वेळेवर. तेव्हापासून तू रेल्वेत पाऊल ठेवलं नाहीस, आणि मी तुझ्याकडे डोळे वर करून बघितलं नाही, आणि आपली पत्रं चार वाक्यांवर आली.

अहवालात शेवटचं शहर आपलं घ्यायचं होतं. म्हणून गेल्या बुधवारी मी सहा-वीसने सीमेवर गेलो, मागचा दिवा बघितला, वेळ नोंदली आणि बाकावर बसलो. तिथे चहाची टपरी चालवणारी बाई आहे. अंगाने दणकट, आवाज असा की गाडीच्या घोषणेची गरज नाही. तिने माझ्या खिशातली मोजपट्टी बघितली, वहीतल्या सरळ रेघा बघितल्या, आणि विचारलं, तुम्ही फूटपट्टी का? मी दचकलो. तर म्हणाली, तुमचे भाऊजी तुमच्याबद्दल रोज सांगायचे. मी विचारलं, काय सांगायचे? ती म्हणाली, बाकावरचे सगळे त्या वेळापत्रकवाल्याला शिव्या घालायला लागले की ते मध्ये पडायचे. म्हणायचे, शिव्या देऊ नका, तो माझा मेहुणा आहे, पण काय सरळ रेघ मारलीय पठ्ठ्याने.

भाऊजींना ठाऊक होतं. त्यांनी माझ्या भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचलं होतं, तारखेसकट. आयुष्यभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून काचा घासणारा माणूस, त्याला ते दिसणार नाही असं मी कसं धरून चाललो, देव जाणे. दर रविवारी ते चहाचं बोलून माझ्याकडे बघायचे आणि थांबायचे. मला वाटायचं, ते पोळीची वाट बघतायत. टपरीवाल्या बाईने एकदा त्यांना विचारलं होतं, मग सरळ सांगून का टाकत नाही त्याला? तर ते म्हणाले होते, "सांगेल तो आपण होऊन. घाई काय आहे? आपल्याकडे बावन्न मिनिटं आहेत."

आता मी आपण होऊन सांगितलं आहे. ज्याला सांगायचं होतं तो नाही, म्हणून तुला. क्षमा कर असं लिहिणार नाही. ते वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, कारण ते फार सुबक दिसत होतं.

पाणी, गॅस, जिन्यातला दिवा सांभाळ. गोळी घे.

तुझा,
फूटपट्टी

ता. क. अहवाल दिला. साहेबांनी परत पाठवला. शेरा असा की तुलना उत्तम आहे, परंतु शेवटच्या शहराच्या रकान्यात "गाढव" हा शब्द तांत्रिक नाही, तो वगळावा. वगळला. बाकी सगळं तसंच ठेवलं आहे.

दुसरा ता. क. सोबत प्रमाणपत्र पाठवत आहे. काच काढून घेतली आहे. मागची बाजू कोरी आहे, सामानाची यादी लिहायला बरी. भिंतीवर त्या जागी पांढरा चौकोन उरला आहे, आणि तो मात्र अगदी सरळ आहे.

तिसरा ता. क. समितीने अहवालातली एकच गोष्ट ताबडतोब मान्य केली, कारण तिला करार लागत नाही. येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून सहा-वीसची गाडी सहा-दहाला सुटेल आणि पूर्वीसारखी सहा-अठ्ठावन्नला सीमेवर पोहोचेल. तुमच्याकडच्या कारकुनाशी फोनवर बोललो. आवाजावरून बारीक असावा. कागदाच्या मधोमध पायरी परत आली आहे, आणि मालगाडी आता सव्वीस मिनिटं अडकते. तिच्या गार्डलाही कुठेतरी बहीण असेलच, पण एका वेळी एकच पाप निस्तरतो.

शेवटचा ता. क., म्हणजे वडिलांची ती विनंती विशेष. त्या सोमवारी तू तुझ्या बाजूने सीमेपर्यंत ये. गाडीत बसायचं नाही असं तू ठरवलं आहेस, ते माहीत आहे; पस्तीस मिनिटांचाच प्रश्न आहे. मी सहा-अठ्ठावन्नला पोहोचेन, गुडघ्यासकट पूल उतरून सात-तीनला तुझ्या फलाटावर असेन, आणि सात-चारची गाडी दार उघडून समोर उभी असेल. सगळे धावत जाऊन तिच्यात बसतील. आपण बसायचं नाही, ताई. तिला जाऊ द्यायचं. बाक तिथेच आहे, टपरीवाल्या बाईला मी सांगून ठेवलं आहे. त्या गाढवाला भाऊजींनी चहा कबूल केला होता, तो तू पाज. मग आठच्या गाडीने घरी जाऊ.